टिचकी

मे सरत आला की आमच्या राजांगणात फणस ओळीने येऊन पडतात आणि आई त्यांच्यामधून फिरते. वाकते, मधल्या बोटाने टिचकी मारते, पुढे जाते. "हा उद्या. हा अजून चार दिवस. हा गुरांना." वास घेत नाही, काटे दाबून बघत नाही. कच्च्याचा आवाज टणक, वर लागलेला. पिकलेल्याचा खाली बसलेला, जरासा ओला. एवढं मलाही कळतं. पण उद्या आणि चार दिवस यांतला फरक तिला कुठे ऐकू येतो ते मी लहानपणापासून विचारत आले आहे. "तुला नक्की काय ऐकू येतं?" या प्रश्नावर तिचं उत्तर ठरलेलं आहे. "फणस."

मी गोव्यात फोंड्याजवळ राहते. नोकरी हिशेबाची, दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवायचे. संध्याकाळी घराच्या मागच्या पडवीत गिटारी करते. नऊ वर्षांत साडेचार झाल्या. अर्धीची गोष्ट पुढे येईल. हा धंदा नाही. एकही विकलेली नाही, आणि ज्यांनी पाहिल्या त्यांच्यापैकी कुणी विकत मागितलेलीही नाही, हे आधीच सांगून टाकते.

सुरुवात शेजारच्या आंकलच्या गिटारीने झाली. एका ऑगस्टमध्ये तिचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी, मागच्या बाजूने उचलला गेला. मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे, नेली तर तो म्हणाला, दोन स्क्रू मारतो, आयुष्यात हलणार नाही. आंकल घाबरून गिटार काखेत मारून आमच्याकडे आले. मी घरातली मोडकी खेळणी, छत्र्या, मिक्सर दुरुस्त करते अशी माझी ख्याती होती. मी जुना सरस खरवडून काढला, नवा लावला, शिकंजे नव्हते म्हणून वर पाटा-वरवंटा ठेवला. जमलं. पण त्या रात्री सहज वाचत बसले आणि एक आकडा डोक्यात अडकला. पोलादी तारांच्या गिटारीत सहाही तारांची ओढ मिळून सत्तरेक किलोच्या घरात जाते. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या पट्टीला रात्रंदिवस लोंबकळतो आहे, आणि पट्टी ज्या फळीवर चिकटवली आहे ती फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड. फळी जाड केली तर टिकेल, पण बोलणार नाही. पातळ केली तर सुंदर बोलेल आणि एक दिवस मोडेल. या दोन टोकांच्या मध्ये नेमकं कुठे थांबायचं, यावर लोकांनी आयुष्यं घालवली आहेत हे कळल्यावर मला झोप येईना.

घरात वाद्य नव्हतं असं नाही. बाबा भजनाला बसतात. त्यांचा तंबोरा मिरजेचा, आजोबांनी बैलगाडी-बोट-रेल्वे करत आणलेला, अशी कथा आहे. तिच्यात दर वर्षी एक वाहन वाढतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बाबांनी पेढे वाटले होते, जणू अर्ज त्यांनीच केला होता. त्या तंबोऱ्यामुळे माझी एक सोय झाली. गिटारीच्या पुस्तकांतल्या साऊंडबोर्डला, म्हणजे वाद्याच्या पुढच्या पातळ फळीला, मिरजेत तबली म्हणतात, ब्रिजला घोडी, फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला, पडदा, आणि खुंट्या तर खुंट्याच. हे शब्द मिळाल्याबरोबर परकं वाद्य निम्मं घरचं झालं. तंबोऱ्याची तबली तुनाच्या लाकडाची, खाली पंढरपूरकडचा भोपळा. गिटारीची तबली बहुधा स्प्रूस नावाच्या थंड मुलखातल्या झाडाची असते. ते झाड गोव्यात जगणार नाही. हलकं, ताठ, सरळ रेषांचं ते लाकूड मी बाहेरून मागवते, आणि या छंदातला माझा सगळ्यात मोठा खर्च तोच.

बाकीचं लाकूड मात्र इथलंच घ्यायचं असं मी पहिल्यापासून ठरवलं होतं. पाठ आणि बाजू यांच्याबद्दल गिटारवाल्यांत फार अंधश्रद्धा आहेत. ब्राझीलच्या शिसवीशिवाय आवाजच नाही म्हणणारे लोक आहेत. ते लाकूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराला जवळजवळ बंद आहे. त्याच्या आधीच, १९६० च्या दशकाच्या शेवटी, अमेरिकेतल्या मोठ्या कारखान्यांनी आपल्याकडच्या शिसवीकडे मोर्चा वळवला होता. म्हणजे आपल्या सह्याद्रीतली शिसवी तिकडे जाऊन गिटार होते आणि पणजीच्या दुकानात काचेआड महाग होऊन लटकते. २०१७ मध्ये सगळ्याच शिसवीवर कागदपत्रांची अट आली, तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली. मी हे सगळं वाचलं, आणि मग आंतोनियो दे तोर्रेस या स्पॅनिश कारागिराची हकिगत वाचली. आजच्या गिटारीचा साचा ज्याच्या हातून बसला तो हा माणूस. १८६२ मध्ये त्याने एक गिटार केली, तबली लाकडाची आणि पाठ-बाजू चक्क पुठ्ठ्याच्या. वाद्य बोलतं ते तबलीतून, एवढंच त्याला दाखवायचं होतं. ती पुठ्ठ्याची गिटार आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. त्या दिवसापासून शिसवी माझ्या डोक्यातून गेली. पुठ्ठा चालतो तर फणस का नाही?

फणस कुठून आला हे सांगायला हवं. आमचं जुनं घर तीन भावांचं. त्या तिघांचं एकमत झालेला एकच निर्णय म्हणजे ते पाडायचं. पाडताना माळ्याच्या फळ्या खाली आल्या, पणजोबांच्या काळातल्या, धुराने काळ्या झालेल्या. कंत्राटदार त्या जळणात नेणार होता. मी सहा फळ्या मागून घेतल्या. काकांना वाटलं मी वाटणीत काही डाव टाकते आहे.

पहिल्या फळीवर रंधा फिरवला आणि काळ्याखालून हळद निघाली. फणसाचं ताजं लाकूड पिवळं असतं आणि उजेडात हळूहळू तपकिरी होत जातं हे माहीत होतं; पण शंभरेक वर्षं धूर खाल्लेल्या फळीच्या पोटात तो पिवळा रंग तसाच बसला असेल असं वाटलं नव्हतं. तीन हात पुढे गेले आणि रंधा खिळ्यावर आदळला. पातं गेलं. पुढच्या फळीत पातं गेलं नाही, कारण आता मी लोहचुंबक फिरवून घेत होते. फळ्या उभ्या चिरून पातळ पत्रे काढायला मी मेस्ताकडे गेले. चार मिलिमीटर म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याला पापड लाटायला सांगते आहे. "बाय, चौकट कर, पाट कर. हें कितें?" तरी त्याने चिरून दिलं. सहा फळ्यांतून दोन गिटारींचं लाकूड निघालं, बाकी भुसा. त्या भुशात आईने अंडी ठेवली.

बाजूंना बाक देण्याचं काम मी भराभर सांगते, कारण त्यात मी हुशार नाही. नळाच्या दुकानातून लोखंडी पाइपचा तुकडा आणायचा, आतून गॅसच्या ज्योतीने तापवायचा, पाण्याने ओली केलेली दोन मिलिमीटरची पट्टी त्यावर दाबत दाबत वळवायची. उष्णतेने लाकडातला बांधून ठेवणारा पदार्थ क्षणभर मऊ पडतो. तो क्षण हाताला कळतो, तेव्हा वळवायचं. मला वाटलं होतं फणसाची पट्टी तापल्यावर भाजलेल्या आठळ्यांचा वास येईल. साध्या जळक्या लाकडाचा आला. माझ्या फळ्यांच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या होत्या, त्यामुळे कमरेच्या वळणावर पाचांतल्या तीन पट्ट्या मोडल्या. एवढंच.

तबलीवर मात्र मी कितीही वेळ बोलू शकते.

दोन पत्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून मध्ये जोडायचे. मग रंध्याने पातळ करत जायचं. मी साडेचार मिलिमीटरपासून सुरू करते. दर थोड्या वेळाने फळी उचलायची, वरच्या कडेजवळ दोन बोटांत सैल धरायची, कानाशी न्यायची आणि दुसऱ्या हाताने मध्यावर टिचकी मारायची. चारच्या पुढे असेल तर नुसतं 'टक'. दारावर कुणी तरी आल्यासारखं. साडेतीनला 'टंग'. तीनच्या खाली आली की एकदम काही तरी सुटतं. आवाज खाली उतरतो, लांबतो, आणि बोटांना फळीचं थरथरणं कळायला लागतं. माझी सगळ्यात चांगली तबली दोन पूर्णांक सात दशांशला बोलली. पण हे तिच्यापुरतं. त्याच खोडाची दुसरी फळी दोन सातला पापडासारखी 'थप' म्हणाली आणि वाया गेली.

आता हिशेबाच्या माणसाला हे कसं चालावं? मी तक्ता केला. फळीचं वजन, जाडी, वाकवल्यावर किती लवते, टिचकीचा स्वर, सगळं रकान्यांत भरलं. चार तबल्या म्हणजे चार ओळी. चार ओळींवर आलेख काढणारा हिशेबनीस बदलीच्या लायकीचा असतो, हे मला आमच्या खात्यात राहून पक्कं ठाऊक आहे. तरी काढला. आलेखाने काही सांगितलं नाही.

मग एकदा तबली घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई नारळ खवत होती. तिच्यासमोर धरली, म्हटलं टिचकी मार. तिने पदराला हात पुसले, मारली, आणि नारळाकडे वळली.

"काय ऐकू आलं?"

"ह्यात काय ऐकायचं? रिकामं आहे."

मी रागावून परत आले. वाटेत जाणवलं की आम्ही टिचकी मारून पारख करणारी माणसं आहोत खरी. आजी डिचोलीच्या बाजारात मडकं वाजवल्याशिवाय कधी घेत नसे. भेग दिसण्याआधी ऐकू येते म्हणायची. आमच्याकडे चतुर्थीच्या आरतीला घुमट घुमतं. मडक्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणत. त्यावर वन्यजीव कायद्याने बंदी आली आणि आता बकऱ्याचं ताणतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं. पण जुनी माणसं अजून नवं घुमट हातात घेऊन एक बोट मारतात आणि मान हलवतात. नाही म्हणून. त्यांना काय कमी ऐकू येतं ते त्यांनाही सांगता येणार नाही, आणि कुणी सांगितलं तर ते मोजून बघायची मला फार इच्छा आहे.

तबलीच्या पोटात लाकडी पट्ट्या चिकटवतात, त्या सत्तर किलोंना तोंड देण्यासाठी. पोलादी तारांच्या गिटारीत त्या फुलीच्या आकारात बसतात. ही फुली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या जर्मन स्थलांतरितांच्या कारखान्यांत रुजली. पट्ट्या बसल्या की आवाज पुन्हा बंद होतो, आणि पटाशीने त्या पट्ट्या तासत तासत तो परत उघडायचा. इथे हाव नडते. प्रत्येक सोलपटीबरोबर आवाज खुलत जातो आणि वाटतं, अजून एक. माझ्या पहिल्या गिटारीत मी अशा पंधरावीस 'अजून एक' काढल्या. तारा चढवल्यावर महिन्याभरात घोडीच्या मागे पोट आलं. आंकल म्हणाले, ही माझ्यासारखी दिसते.

आता अर्धीची गोष्ट. पुस्तकं सांगतात की गिटारीचं काम हवेतल्या पंचेचाळीस टक्के आर्द्रतेत करावं. पुस्तकं लिहिणारे कोरड्या मुलखातले. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत पडवीतलं मापक अठ्ठ्याऐंशी दाखवतं, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. त्या जुलैत मला आठवडाभर सुट्टी होती. मी आणखी एका गिटारीच्या तबलीला पट्ट्या चिकटवून टाकल्या आणि स्वतःवर खूश झाले. जानेवारीतल्या एका रात्री पडवीतून 'टप्प' असा आवाज आला. मांजर असेल म्हणून झोपून राहिले. सकाळी तबलीला वरपासून खालपर्यंत भेग.

कारण साधं आहे आणि मला ते आधीपासून माहीत होतं, म्हणून जास्त लागलं. लाकूड पाणी पिऊन आडवं फुगतं, उभं जवळजवळ फुगत नाही. जुलैत तबली पूर्ण फुगलेली होती, आणि तशीच ती मी आडव्या-तिरक्या पट्ट्यांना बांधून टाकली. जानेवारीत ती आकसायला गेली, पट्ट्या आकसू देईनात, तेव्हा ती फाटली. उलटं केलं असतं, कोरड्या दिवसांत चिकटवलं असतं, तर पावसात तबली थोडी वर फुगली असती इतकंच. फुगवटा लाकूड सोसतं, ओढ सोसत नाही. ती गिटार पुढे केलीच नाही. भेगेसकट भिंतीवर टांगली आहे. पाव्हणे विचारतात तेव्हा मी कॅलेंडर आहे म्हणून सांगते.

तेव्हापासून माझं वर्ष ठरून गेलं. जोडण्याचं काम मार्गशीर्ष सुरू झाला की शिवरात्रीपर्यंत. बाकीचे महिने मान कोरायची, खुंट्या बसवायच्या, हत्यारांना धार लावायची. आणि तयार लाकूड ठेवायला आईचं एक जुनं कपाट मी मिळवलं. आत तळाशी चाळीस वॉटचा बल्ब. कॅमेरे, पुस्तकं, दस्तऐवज वाचवायला आमच्याकडे हा उपाय पूर्वीपासून आहे. मात्र बल्ब जुना, तापणारा हवा. नवे एलईडी उजेड देतात, ऊब देत नाहीत. हार्डवेअरवाला दर वर्षी माझ्यासाठी दोन शोधून ठेवतो आणि दर वर्षी हसतो.

पडद्यांचा भाग मला सोपा वाटला होता, कारण तो शुद्ध गणिताचा. तारेची लांबी ६५० मिलिमीटर घेतली तर तिला १७.८१७ ने भागायचं. ३६.४८ आले. तिथे पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, दुसरा पडदा. असं करत बाराव्या पडद्याशी पोचलं की तुम्ही बरोबर ३२५ वर, अर्ध्यावर, असता. पहिल्यांदा तो अर्धा जुळला तेव्हा मला महिनाअखेरचा ताळेबंद जुळल्यासारखं वाटलं. करवत अचूक चालवली, पडदे ठोकले, कानशीने सपाट केले.

पहिली गिटार वाजायला लागली तेव्हा तिच्या दोन तारा पडद्यांना घासून झणझणत होत्या. गिटारवाल्यांच्या जगात हा गुन्हा. मी तोंड पाडून बसले होते, आणि बाबा आतून आले. "वा! जवारी छान लागली." तंबोऱ्यात ती झणझण मुद्दाम आणतात; घोडीचा माथा किंचित उतरता करून, तारेखाली दोरा सरकवून ती जागा शोधायला बाबा पंधरा-पंधरा मिनिटं घेतात. गिटारीत तीच झणझण घालवायला मी तीन रविवार घेतले. झणझण गेल्यावर बाबांनी पुन्हा ऐकलं. या वेळी आंकल वाजवत होते, सा-ग-प चा साधा मेळ. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "गांधार चढा आहे."

मी सुरयंत्र लावून दाखवलं. काटा मधोमध. बाबा म्हणाले, मग यंत्र चढं आहे.

भांडण नको म्हणून मी वाचायला बसले, आणि म्हातारा बरोबर निघाला. तो १७.८१७ चा आकडा सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग करतो. निसर्गाला सारखे भाग मान्य नाहीत. नैसर्गिक गांधार षड्जाच्या सव्वापट. तंबोऱ्याच्या खर्जातून तो आपोआप ऐकू येतो, म्हणून त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. पडद्यावरचा गांधार त्याच्याहून वर असतो. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा भाग. पंचम मात्र दोनच भाग इकडेतिकडे, म्हणून तो खुपत नाही. साठ वर्षं तंबोऱ्यासमोर बसलेल्या कानाला चौदा भाग म्हणजे भाकरीतला खडा.

"पण तुमच्या पेटीतही हाच गांधार आहे," मी म्हटलं.

"आहे ना. पेटीच्या वेळी मी डोळे मिटतो."

ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला बाहेरची वाट दाखवली ती १९७१ पर्यंत. कारणांत एक हेही होतं की पेटीचे स्वर आपल्या गाण्याला बसत नाहीत. आमच्या गावात तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य, आणि बंदी रेडिओपुरती. देवळातली पेटी निर्धास्त वाजत राहिली. मी एकदा हट्टाने बाबांसाठी गिटारीची एक तार किंचित उतरवून शुद्ध गांधार लावून दिला. एक मेळ असा लागला की आंकलनीही वर बघितलं. पुढचा मेळ धरला आणि तीच तार रडायला लागली. एका खात्यातला तोटा काढून दुसऱ्यात टाकला, एवढंच मी केलं होतं. बाराही खाती थोडी थोडी खोटी ठेवली तरच गिटार सगळ्या स्वरांत वाजते. मी हे बाबांना समजावलं. ते म्हणाले, "मग ही माणसं गातात कशी?" आंकल म्हणाले, "आमी डोळे उक्ते दवरतांव." म्हणजे, आम्ही डोळे उघडे ठेवतो. दोघं बराच वेळ हसले. मला त्यात हसण्यासारखं इतकं काही वाटलं नाही; ३६.४८ वर मी तीन रात्री घालवल्या होत्या.

शेवटचं काम पॉलिशचं. फवारणीचं चकचकीत लॅकर मला परवडत नाही आणि आवडतही नाही. जाड थर म्हणजे तबलीला रेनकोट घातल्यासारखं. मी चपडी लावते. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ सोडतात, त्याचे हे नारिंगी पापुद्रे. पाव लिटर स्पिरिटमध्ये तीस-पस्तीस ग्रॅम, रात्रभर ठेवायचं, गाळायचं. ही लाख मला परकी नाही. आईचं माहेर सावंतवाडीचं; चितारआळीत लाकडी फळं आणि रंगीत पाट बघत मी सुट्ट्या काढल्या आहेत. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला बोळा धरायला शिकवला. आत जुना धुवट कापूस, वर मलमलचा तुकडा, त्यावर तेलाचा एक थेंब. फळीवर बोळा कधी टेकवायचा नाही. चालता चालता उतरवायचा आणि चालता चालताच उचलायचा. थांबलात की तिथेच चिकटला, आणि आधीचे दहा थर त्याच्याबरोबर वर आले. तेल म्हणून मी पहिल्यांदा घरातलं खोबरेल घेतलं. काम जानेवारीच्या सकाळचं, फोंड्याला बऱ्यापैकी गारठा, बाटलीतलं तेल थिजून मेणासारखं. मग जवस आणलं.

एकेक थर इतका पातळ की लावला की नाही कळू नये. असे कित्येक दिवस. सकाळी दव उडाल्यावर बसायचं, ऊन चढायच्या आत उठायचं. हवेत दमटपणा असेल तर चपडीत पाणी अडकून पांढुरकी साय धरते. खरं सांगते, मला या कामाचा कंटाळा येत नाही. खात्यात मी दिवसभर ज्या गोष्टी करते त्या संध्याकाळपर्यंत कुणाला दिसत नाहीत. इथेही दिसत नाहीत, पण तीन आठवड्यांनी कडेला धरून बघितलं की फणसाच्या रेषा पाण्याखाली गेल्यासारख्या खोल दिसतात.

तिसरी गिटार मी आंकलना दिली. पहिल्याच रविवारी ते तिच्यावर काजूची फेणी सांडून आले. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि फेणीत अल्कोहोल चाळीस टक्क्यांच्या वर. घोडीशेजारी रुपयाएवढा डाग, मधोमध चिकट. ते माफी मागत होते, मी डाग बघत होते. लॅकर असतं तर डाग इतका सहज पडला नसता. पण लाखेची दुरुस्तीही तितकीच सोपी. लाखेचा नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. तासाभरात डाग गेला. तिरप्या उजेडात अजून थोडासा दिसतो, तो मी मुद्दाम तसाच ठेवला असं आंकल सगळ्यांना सांगतात. तसं काही नाही, मला तो घालवता आला नाही.

चौथी यंदा शिवरात्रीच्या आधी पुरी झाली. माळ्याच्या फळ्यांमधली शेवटची. बाबांनी ती मांडीवर उभी धरून तंबोऱ्यासारखी छेडली, गांधाराबद्दल काही बोलले नाहीत. डोळे मिटलेले होते.

काल पहिला पाऊस झाला. मापक रात्रीत बाहत्तरवर गेलं. मी गिटार पुसून कपाटात ठेवायला गेले, बल्ब लावला, दार उघडलं तर खालच्या दोन्ही खणांत ताटंच ताटं. आईने फणसाची साठं ठेवली होती, दुसरीकडे ज्याला फणसपोळी म्हणतात ती. उन्हात अर्धवट सुकलेली, बाकीची कपाटात सुकायला. मी वरच्या खणात गिटार आडवी सरकवली. पिवळी बाजू बल्बच्या उजेडात, खाली तेवढीच पिवळी साठं.

"अगं, वास लागेल तिला," मी ओरडले.

आतून उत्तर आलं, "दार नीट लावून घे. मऊ पडतात ती."